रिकामा ताबा

वाशीत आमच्या इमारतीला 'अतिधोकादायक'ची नोटीस लागली
त्याच आठवड्यात शेडगेकाकांची गाठ माझ्या टेबलावर आली,
मेणाच्या ठोकळ्यात, नखाएवढी.
ठोकळ्यावर नुसता क्रमांक असतो.
पण अर्जावर वय एकसष्ट, राहणार सेक्टर दहा,
धंदा कांदा-बटाटा मार्केट, माथाडी.
असे कितीजण असतील?

मी काप काढले, कोमट पाण्यावर तरंगवले,
काचेवर घेतले, रंगात बुडवले.
अठरा वर्षं हेच करते.
संध्याकाळी जिन्यात म्हणाले, "आज उशीर गं?"
मी म्हटलं, वरती पाणी आलं का?

निरोगी गाठीत मरण दिसतं. दिसावंच लागतं.
मोठ्या फिकट पेशींच्या पोटात काळे ठिपके,
शेजारणींचे उरलेले तुकडे.
जिचं काम संपलं, जिच्या आत काही बिघडलं,
ती आवरायला घेते:
आकसते,
आतला धागा ठरल्या मापात कापते,
पुड्या बांधते,
दारावर खूण करते, या, घेऊन जा.
सांडलवंड होत नाही.
शेजारी साधा तापही येत नाही.

दुसरंही मरण असतं,
भाजून, चिरडून, रक्त तुटून.
पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर
आणि आसपास आग.
नवरात्रात बी विंगचा स्लॅब असाच आला होता
कुंजम्मांच्या ओट्यावर.

काकांच्या काचेवर ना हे, ना ते.
गर्दी होती. गोल, सारख्या, निवांत.
प्रत्येकीत तपकिरी रंग चढलेला,
म्हणजे मरणाला उंबऱ्यावर अडवणारं ते प्रथिन
गरजेपेक्षा किती तरी जास्त.
वेड्यासारख्या वाढतही नव्हत्या बिचाऱ्या.
जात नव्हत्या, एवढंच.
नोटीस वाचून आत जाऊन परत झोपणाऱ्या.

इकडे काकांनी घर सोडायला घेतलं
सुगी झाल्यावर खळं आवरावं तसं.
आधी माळा. मग खिडकीचं ग्रिल, ते इस्त्रीवाल्या रामसजीवनला.
पाण्याचं पिंप कुंजम्मांना.
उपसलेले खिळे ठोकून सरळ केले, डब्यात भरले.
पोती ओढायचा आकडा मुलाला नको होता,
तो वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत.
शेवटी भिंतीची भोकं बुजवत बसले.
अहो, पाडायचीच आहे ना ती?
"ताबा देताना घर झाडून द्यावं."

रिपोर्ट डॉक्टर लिहितात. मी काच नेऊन ठेवते.

दोन महिन्यांनी, कोपरखैरण्याच्या भाड्याच्या खोलीत
त्यांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.
"एवढुशीनं सुरुवात. दर आठवड्याला थोडी वाढवायची म्हणे.
माझे पैसे वाचवतायत का काय?"
मी सांगितलं,
उंबऱ्यावर जो आडवा पडलाय त्याला ही गोळी धरून ठेवते.
मग त्या पेशी आपणहून जातात.
पण सगळ्या एकदम निघाल्या तर
राडारोडा रक्तात येतो, मूत्रपिंडं तुंबतात.
"म्हणजे डंपर कमी पडतात."
हो. म्हणून पाणी प्या. भरपूर.

त्यांनी तांब्या उचलला.
पन्नास किलोच्या पोत्यांनी घडवलेली ती बोटं.
आईच्या पोटात हा हात वल्ह्यासारखा चपटा होता,
बोटांमधल्या पेशी वेळेवर निघून गेल्या
म्हणून ही पाच वेगळी झाली,
हे सांगणार होते. राहून गेलं.

"आजच्याला किती गेल्या असतील गं?"
मोजता येत नाहीत, काका.
त्यांनी तांब्या खाली ठेवला
आणि थप्पीतली पोती मोजावीत तसा
अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला.